वाचनाचं बक्षीस आधी द्या

मे महिना संपत आला आणि आजोळाहून निघायची वेळ झाली की मामा खिशात हात घालायचा. आपण "नको, नको" म्हणायचं, आईने "अरे, कशाला?" म्हणायचं आणि नोट शेवटी आपल्याच मुठीत यायची. एसटी गावाची वेस ओलांडायच्या आत आई हात पुढे करायची, "दे, मी ठेवते." त्या नोटांचं पुढे काय झालं, हे आमच्या पिढीतल्या एकाही पोराला आजवर कळलेलं नाही. बचतीचा पहिला धडा आपण असा घेतला: पैसे जपून ठेवायचे असतात आणि ठेवले की ते आपले राहत नाहीत.

हे आठवलं ते आमच्या वाचनालयातल्या एका चर्चेमुळे. तालुक्याच्या गावचं वाचनालय, आणि मी काही वर्षं त्याच्या कार्यकारिणीवर आहे. एका सदस्याने सूचना आणली की सुट्टीत मुलांनी वाचावं म्हणून गावातल्या पतसंस्थेला गळ घालू. मुलाने एक पुस्तक वाचलं की त्याच्या खात्यात दहा रुपये जमा. वाचनही वाढेल, बचतीची सवयही लागेल. कल्पना त्यांची नव्हती, त्यांनी ती लपवलीही नाही. अमेरिकेत बँका हे करतातच. टीडी बँकेची योजना तर अगदी सुटसुटीत आहे: मुलाने सुट्टीत 10 पुस्तकं वाचायची, यादी लिहून शाखेत द्यायची, त्याच्या बचत खात्यात 10 डॉलर येतात.

बैठकीत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, सरस्वतीला पैशात तोलू नका. दुसरा म्हणाला, मुलं वाचतायत ना, मग कशाने का वाचेनात. मी त्या दिवशी गप्प बसलो होतो. आता बोलतो. पैसे द्यावेत असंच माझंही मत आहे. फक्त ते वाचून झाल्यावर देऊ नयेत, आणि मुलाच्या बँक खात्यात टाकू नयेत.

लालूच नको म्हणणाऱ्यांचं आधी बघू. दहावीला नव्वद टक्के पडले तर गाडी, शिष्यवृत्तीत आला तर सायकल, हे सौदे ज्या घरांत राजरोस होतात त्याच घरांतून हा आक्षेप येतो. गुणांसाठी दिलेलं ते प्रोत्साहन आणि पुस्तकासाठी दिलेली ती लालूच, हा भेद मला कधी उमगला नाही. उलट पैसे द्यायचेच तर गुणांपेक्षा वाचनासाठी दिलेले बरे, असं म्हणायला थोडा आधारही आहे. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या काही शहरांत शाळकरी मुलांना खरोखरच पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी दिले. काही फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना दर पुस्तकामागे 2 डॉलर दिले, वाचलं की नाही हे ताडायला संगणकावर छोटी चाचणी ठेवली. तिथे वाचलेलं समजण्यात इंग्रजीत परीक्षा देणाऱ्या मुलांची प्रगती दिसली. कारण समजण्यासारखं आहे. गुण कसे वाढवायचे हे मुलाला माहीत नसतं, पुस्तक कसं उघडायचं हे माहीत असतं. जास्त पैसे मिळवायला काय कराल असं न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं, तर त्यांनी प्रश्न नीट वाचू, उत्तरं पुन्हा तपासू, अशा परीक्षेच्या युक्त्या सांगितल्या. अभ्यास करू, शिक्षकांना विचारू, हे फारसं कुणाला सुचलं नाही.

डॅलसमधली आणखी एक गोष्ट आपण मराठी लोकांनी जरा थांबून वाचावी अशी आहे. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या, स्पॅनिशमध्ये परीक्षा देणाऱ्या मुलांची प्रगती तर झालीच नाही, उलट ती मागे गेली. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं की पैशापायी ही मुलं इंग्रजी पुस्तकांकडे वळली आणि घरच्या भाषेतलं वाचन मागे पडलं. आपल्याकडे इंग्रजी शाळेतल्या मुलाचा बाप वाचनालयात येऊन पहिला प्रश्न काय विचारतो, ते मी रोज ऐकतो: "इंग्लिश बुक्स आहेत का?" पुस्तकामागे दहा रुपये ठेवले तर ते कोणत्या कपाटासमोर खर्च होतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्या बाजूचाही एक जुना प्रयोग आहे, 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला. स्टॅनफर्डच्या बालवाडीत ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी रंगीत पेनं नुसतीच टेबलावर ठेवली, तेव्हा ठरवून बक्षीस मिळालेल्या मुलांनी त्यांना बाकीच्यांच्या निम्माच वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बिघाड बक्षिसात नसतो, "केलंस तर देईन" या करारात असतो.

तो करार काय करतो हे मी आमच्याच वाचनालयात पाहिलं आहे, आणि चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीतली वाचनस्पर्धा घेतली. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस, एवढा साधा नियम. आठ दिवसांत बालविभागातला सोळा-सोळा पानांच्या पुस्तकांचा कप्पा रिकामा झाला. पुस्तक सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा. भावाने नेलेलं बहिणीच्या कार्डावर. पहिली आलेली मुलगी हुशार होती, तिने नियम आमच्यापेक्षा नीट वाचला होता, एवढंच. आणि सातवीतल्या एका मुलाने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक जाडजूड साहसकथा नेली ती जूनअखेरीपर्यंत आणलीच नाही. ग्रंथपालांनी निरोप पाठवला तेव्हा तो आला. दोनदा वाचून झाली होती, तिसऱ्यांदा चालली होती. त्या सुट्टीतल्या आमच्या सर्वांत मोठ्या वाचकाकडून आम्ही विलंब शुल्क घेतलं. पावती फाडून.

आता बचतीकडे येऊ, कारण "वाचनही आणि बचतही" या जोडीला सगळे भुलतात. बँकेच्या बाजूने हा व्यवहार सरळ आहे. लहान वयात उघडलेलं खातं मोठेपणी टिकतं आणि 10 डॉलरमध्ये गिऱ्हाईक मिळतं. त्यात वाईट काही नाही. पण मुलाच्या बाजूने बघा. आपल्याकडे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये तशी मुभा दिली आणि 2025 मध्ये नियम पुन्हा नीट मांडले. पोस्टातही दहा वर्षांच्या मुलाच्या नावाने खातं निघतं, पण सुरुवात 500 रुपयांनी करावी लागते. समजा मुलाने वीस पुस्तकं वाचून 200 रुपये मिळवले. पोस्टाच्या 4 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 8 रुपये. एवढ्यात पेप्सीकोला येतो, कुल्फी नाही. चक्रवाढ व्याजाची जादू या रकमेवर पोराला दाखवायला गेलात तर ते तुमच्याकडे दयेने बघेल. शिवाय जून उजाडला की त्या खात्याकडे कोण फिरकतं? दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँकेतलं खातं निष्क्रिय. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. मागता येते, पण मागतं कोण? "दे, मी ठेवते"चीच ही सरकारी आवृत्ती.

पतसंस्थेचं तर आणखी एक दुखणं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात पासबुकं घेऊन बसलेली म्हातारी माणसं ज्याने पाहिली आहेत, तो लहान मुलाचे दोनशे रुपये तिथे ठेवायला धजणार नाही. रक्कम लहान असली तरी धडा मोठा होईल, आणि भलताच.

बचतीच्या शिकवणीवर माझा राग नाही. आमच्या शाळेत संचयिका होती. दर आठवड्याला दहा-वीस पैसे, मळकं पासबुक, वर्गातलाच एक मुलगा रोखपाल. व्याज किती मिळालं ते आठवत नाही. पण पैसे स्वतः मोजून दिले आणि वर्षअखेरीला स्वतः सही करून घेतले, हे पक्कं आठवतं. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये दोन-दोन आण्यांची पिग्मी सुरू केली तीही दारात येणाऱ्या माणसाच्या जोरावर. लहान रकमेची बचत हातात दिसली, रोज भेटली, तरच टिकते. संगणकावरच्या आकड्यात ती मुलाला भेटत नाही.

पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट आम्ही गृहीतच धरली होती. मुलाला पुस्तक मिळतं, फक्त वाचायची इच्छा कमी पडते, असं आम्ही समजत होतो. जे मूल वाचनालयात येऊन हे नको, ते नको करतं त्याच्यापुरतं ते खरं असेल. बाकीच्यांचं काय?

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत पुस्तकं आहेत. चांगली आहेत, रंगीत आहेत. ती कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे. त्यात मुख्याध्यापकांना दोष देऊ नये. पुस्तक साठा नोंदवहीत चढलेलं असतं, हरवलं तर तपासणीत जाब त्यांना द्यावा लागतो, कधी पदरचे भरावे लागतात. कुलूप हा त्यावरचा शहाणा उपाय आहे. सुट्टी लागली की ते दीड-दोन महिने उघडत नाही. विदर्भात उन्हामुळे शाळाच उशिरा भरते, तिथे आणखी थोडे दिवस. मूल दिवसभर मोकळं असतं नेमकं तेव्हाच.

यात सर्वांत वाईट गत ऊसतोड कामगारांच्या मुलांची. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जालन्याकडच्या टोळ्या कारखान्यांच्या फडावर निघतात. मुलं एकतर सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत जातात किंवा आजीकडे, हंगामी वसतिगृहात मागे राहतात. पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. कुटुंब गावी परततं तेव्हा शाळा संपत आलेली असते. घरात आई असते, बाप असतो, वर छप्पर असतं आणि हातात पुढचा दीड महिना असतो. या मुलांच्या वर्षातला सर्वांत निवांत काळ म्हणजे मे महिना, आणि त्याच महिन्यात गावातली सगळी पुस्तकं कुलपात. या मुलाला पुस्तकामागे दहा रुपये देऊ म्हणणं म्हणजे आड कोरडा असताना पोहऱ्याला बक्षीस लावणं. 2022 च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी जेमतेम त्रेचाळीस मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला होता. उरलेल्यांमध्ये ही मुलं किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

फोनवर फुकट आहे की सगळं, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, आणि चांगलं आहे. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक आहेत. पण घरात फोन एक असतो आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो. संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्यावर गोष्ट उघडेल अशी आशा करणाऱ्याने एकदा घरात बसून बघावं.

म्हणून माझा मुद्दा अनामतीचा आहे. वाचनालयाचं सभासद व्हायला दोन गोष्टी लागतात, वर्गणी आणि अनामत. आमच्याकडे बालविभागाची वर्गणी महिन्याला 10 रुपये आहे, ती कशीबशी निघते. अडतं ते 200 रुपयांच्या अनामतीवर. रोजंदारीच्या घरात पुस्तकासाठी एकरकमी 200 रुपये अडकवून ठेवणं चैनीत जमा होतं. मूल उंबऱ्यापर्यंत येतं, पाटी वाचतं आणि परत जातं. मी पाहिली आहेत अशी मुलं. त्यांना वाचायची गोडी लावावी लागत नाही, फक्त दोनशे रुपये लावावे लागतात.

ते पैसे पतसंस्थेने भरावेत. सुट्टी सुरू होण्याआधी, एकही पान वाचलेलं नसताना. अनामत मुलाच्या नावाने, पावती मुलाच्या हातात. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा गाव सोडून गेलं की रक्कम त्याची, त्याने सही करून न्यायची. पुस्तक हरवलं तर किंमत त्यातून वजा होणार, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं. पहिलं पुस्तक मात्र माफ; नाहीतर भित्रं मूल पुस्तक घरी नेणारच नाही, आणि आपण मुख्याध्यापकांचं कुलूप आपल्या दारावर लावलेलं असेल. हीसुद्धा बचतच आहे, आणि मुलाला कळणारी आहे. पुस्तक जपलं तर पैसे शाबूत, हा हिशोब आठ रुपयांच्या व्याजापेक्षा त्याला लवकर समजतो.

किती वाचलं हे कुणी मोजायचं नाही. चाचणी नाही, सारांश लिहून आणणं नाही, कार्डावर शिक्के नाहीत. अमेरिकेतच फ्लोरिडात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या शाळकरी मुलांना तीन वर्षं दर उन्हाळ्याच्या तोंडाशी 12 पुस्तकं दिली. आधी दिली, आणि निवड मुलांवर सोपवली. मुलांनी पॉप गायक-गायिकांची चरित्रं भरपूर उचलली. कुणी ती हातातून काढून घेतली नाहीत. तीन वर्षांनी या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस निघालं, आणि सर्वांत गरीब मुलांत फरक जास्त होता. आमच्या काही सभासदांना भुताच्या गोष्टी आणि चुटक्यांची पुस्तकं मुलांनी नेलेली आवडत नाहीत. त्यांना मी हे सांगतो, पण त्यांचं समाधान होत नाही.

वाचनालयांच्या बाजूचं एक कुसळही इथेच सांगायला हवं. अनामत परत मागायला सहसा कुणी येत नाही, हे प्रत्येक वाचनालय जाणून असतं. जुन्या अनामती खर्चात मुरतात आणि हिशोब तपासनीस विचारील तेव्हा बघू, असा कारभार चालतो. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या किती जणांकडे सगळ्या अनामती आज मागितल्या तर आज परत देता येतील, याची मला शंका आहे. मुलांची अनामत घ्यायची तर ती वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागेल आणि तिला हात लावायचा नाही असा ठराव करावा लागेल. नाहीतर आईचा हात जाऊन वाचनालयाचा हात पुढे आला, एवढाच बदल होईल.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्नच नाही. गावोगावच्या पतसंस्था दरवर्षी जून-जुलैत गुणवंतांचा सत्कार करतात. सभासदांच्या पाल्यांना दहावी-बारावीला अमुक टक्क्यांच्या वर गुण असले की शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि आमदारांची वाट बघत दोन तास उकाड्यात बसणं. ज्या मुलाकडे आधीच सगळं आहे त्याच्या घरात आणखी एक सन्मानचिन्ह येतं. शंभर मुलांची अनामत 20,000 रुपये होते. मंडप, फ्लेक्स आणि अल्पोपाहाराच्या बिलात ती सहज बसते. सत्कारही बंद करावा लागणार नाही, थोडा आटोपशीर केला की झालं. शिवाय हा उडून जाणारा खर्चही नाही. पैसे जाऊन-येऊन मुलांचेच, त्यांना अठराव्या वर्षी परत मिळणारे.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. यंदाची नोटीस घरी आली आहे. अहवाल, ताळेबंद, लाभांश, लेखापरीक्षकाची नेमणूक, आणि सगळ्यात शेवटी नेहमीप्रमाणे 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. त्या वेळेपर्यंत निम्मे लोक जेवणाच्या रांगेत गेलेले असतात. मी बसून राहणार आहे. शंभर नावांची यादी ग्रंथपालांनी करून दिली आहे. त्यात पहिलं नाव विलंब शुल्क भरलेल्या त्या मुलाच्या धाकट्या बहिणीचं आहे. ती आजवर त्याच्याच कार्डावर वाचत होती.